पाचशे लिटरचा थर्मास

कुशाई केमिकल्समध्ये तपमानावरून आठ वर्षांत कधी वाद झाला नव्हता, कारण तपमान रोज बेचाळीस असायचं. थंडीत बेचाळीस, मे महिन्यात बेचाळीस. एकदा दिवसभर लाइट नव्हती, बॅच झालीच नाही, तरी त्या तारखेच्या शीटवर बेचाळीस होतं. पूनमनं केमिस्ट म्हणून लागल्यावर तिसऱ्या आठवड्यात जुन्या फायली उपसल्या, तेव्हा या चमत्काराचा उगम सापडला. पहिल्या ऑडिटच्या आधी, शीट कशी भरायची हे लोकांना कळावं म्हणून कुणीतरी एक नमुना भरून भिंतीला चिकटवला होता. त्यात बेचाळीस लिहिलं होतं. ऑडिटर खूश होऊन गेला. चांगलं चाललंय ते बदला कशाला, असा सुज्ञ विचार करून तेव्हापासून सगळे भिंतीकडं बघून तपमान लिहीत होते. थर्मामीटर होता, पण तो कपाटात, खोक्यात, सुखरूप होता.

कुशाई म्हणजे चाकणच्या अलीकडं कुरुळीच्या मागच्या अंगाला एक पत्र्याची शेड. गाड्यांच्या पार्टना रंग लागण्याआधी त्यावरचं तेल-ग्रीस धुवायला एक द्रावण लागतं, ते इथं बनायचं. पिंपात पाणी घ्यायचं, त्यात फॉस्फोरिक ॲसिड, आणि मग वरून कॉस्टिकचं पाणी. ॲसिड आणि कॉस्टिक एकत्र आले की तापतात, हे दहावीच्या पोरालाही ठाऊक असतं. किती तापतात, हे मात्र मोजावं लागतं, आणि कुशाईत मोजायचं काम भिंतीकडं होतं.

मालक रणजीत हा निघोजेच्या जुन्या बागायतदार घरातला. जमीन एमआयडीसीत गेली तेव्हा त्यानं आईच्या, म्हणजे कुशाबाईच्या, नावानं ही कंपनी काढली. माणूस मनाचा मोठा, पण कुठलीही गोष्ट विकत घेऊन झाल्यावरच तिच्याबद्दल सल्ला विचारायची त्याला सवय होती. म्हाळुंग्याच्या एका कंपनीकडून मोठी ऑर्डर येणार म्हटल्यावर त्यानं बंद पडलेल्या डेअरीतून दुधाची पाचशे लिटरची टाकी उचलून आणली. स्टीलची, दोन पत्र्यांची, मध्ये जाड फोम. मंगळवारी सकाळी तो तिच्या पोटावर थापा मारत उभा होता.

"काल सकाळी बर्फाचं पाणी भरलं होतं," तो सगळ्यांना सांगत होता. "आज बघा, तसंच गार. याला म्हणतात क्वालिटी."

बाकीच्यांनी हात घालून बघितलं आणि वाहवा केली. पूनमनं हात घातला आणि लगेच बाहेर काढला. जे भांडं गारव्याला बाहेर जाऊ देत नाही, ते गरमीला तरी कुठं जाऊ देणार?

शनिवारी या टाकीत पहिली मोठी बॅच होती. म्हाळुंग्याहून परचेसचे प्रीतम साहेब बघायला येणार होते. टाकीला शिडी होती, शिडीवर फळ्यांचा माळा होता, आणि त्या माळ्यावर, उघड्या झाकणाशी, कॉस्टिकचा कॉक हातात धरून बाळाजी उभा राहणार होता. बाळाजी इथला जुना ऑपरेटर, शेलगावचा शेतकरी, वय पंचावन्न. आत द्रावणाला उकळी फुटली असती तर कॉस्टिक पहिल्यांदा त्याच्या तोंडावर आलं असतं, आणि दुसऱ्यांदा यायची गरज उरली नसती.

पूनमनं हे रणजीतला ऑफिसात जाऊन सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकलं. मग म्हणाला की आठ वर्षं पन्नास लिटरच्या पिंपात हीच बॅच होतेय, हाच बाळाजी करतोय, कधी बुडबुडा आला नाही.

"तुला काय वाटतं ते मला नको सांगू," तो म्हणाला. "वाटायला मला पण खूप काय काय वाटतं. आकडा दे."

रास्त बोलला, हीच खरी पंचाईत होती. अभिक्रियेतली उष्णता मोजायचं यंत्र मिळतं, त्याला कॅलरीमीटर म्हणतात, पण मागवलं तर सहा आठवडे, आणि शनिवार चार दिवसांवर. पूनम रोज थेरगावहून स्कूटरवर यायची. मोशीच्या सिग्नलला तिला विचार करायला तसाही अर्धा तास मिळायचा. त्या संध्याकाळी, पुढं ट्रेलर आणि मागं टँकर अशा अवस्थेत, तिच्या लक्षात आलं की टाकी म्हणजे जर पाचशे लिटरचा थर्मास असेल, तर लहान टाकी आधीपासूनच कंपनीत आहे. पॅन्ट्रीत. शालनबाईंच्या ताब्यात.

शालनबाई कंपनीचा चहा बघायच्या. त्यांच्याकडं एक स्टीलचा थर्मास होता, फक्त पाहुण्यांसाठी. कुठलेसे जपानी साहेब येणार म्हणून घेतलेला, ते साहेब पाच वर्षांत आले नव्हते, आणि शालनबाईंच्या मते म्हणूनच थर्मास अजून नवा होता. पूनमनं मागितल्यावर त्यांनी तो पदराखाली घेतला. त्यात ॲसिड घालणार म्हटल्यावर त्या पदरासकट पॅन्ट्रीच्या आतल्या बाजूला गेल्या.

"पोरी, उद्या जपानी आले तर त्यांला काय पाजू, कॉस्टिक?"

पूनमनं त्यांना टाकीचं, झाकणाचं आणि बाळाजीचं सगळं नीट सांगितलं. शालनबाईंनी थर्मास पदरानं पुसला. मग तो टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या की न्यायचा तर कायमचा न्या, परत चहाला आणू नका, आणि बाळाजी हा माणूस चहात साखर जास्त मागतो पण तसा वाईट नाही.

बुधवारचा दिवस वाया गेला. थर्मासाला थर्माकोलचं झाकण केलं, त्याला दोन भोकं पाडली, एकातून थर्मामीटर, दुसऱ्यातून ढवळायची काचेची कांडी. गॉगल, हातमोजे, सगळं जागच्या जागी. आणि आकडे एकमेकांना ओळख दाखवायला तयार नाहीत. एकदा तेहेतीस अंश चढ, एकदा अडतीस. संध्याकाळी उलगडा झाला. शालनबाई स्वच्छतेच्या पक्क्या. हातात रबरी मोजे चढवून त्या प्रत्येक प्रयोगानंतर थर्मास उकळत्या पाण्यानं विसळून, पुसून, न बोलता परत टेबलावर ठेवत होत्या. थर्मास कधी गरम असायचा, कधी निम्मा गरम, आणि पूनम तो गार आहे असं धरून चालली होती. तिनं शालनबाईंना हात जोडले. शालनबाई म्हणाल्या, अस्वच्छ विज्ञान त्यांना जमायचं नाही, पण एक दिवस डोळे मिटून घेतील.

गुरुवारी तिनं थर्मासापासूनच सुरुवात केली. अठ्ठावीस अंशाचं दोनशे ग्रॅम पाणी आत, वरून अडुसष्ट अंशाचं दोनशे ग्रॅम. बरोबर मध्यावर, अठ्ठेचाळीसवर यायला हवं. आलं सेहेचाळीस पूर्णांक चार. म्हणजे मधली उष्णता थर्मासाच्या पत्र्यानं स्वतः गिळली, पस्तीस ग्रॅम पाणी गिळेल तेवढी. प्रत्येक भांडं आपलं कमिशन घेतं. ते किती, हे एकदा कळलं की भांड्याशी व्यवहार करता येतो.

मग खरं काम. जसंच्या तसं द्रावण थर्मासात करणं म्हणजे टाकीतलं संकट टेबलावर आणणं, म्हणून तिनं सगळं दुप्पट पातळ केलं. ॲसिडचं पाणी आत, कॉस्टिक वरून, झाकण बंद, कांडी फिरवायची, दर दहा सेकंदांनी आकडा लिहायचा. पारा सरसर चढला आणि थांबला. चढ बत्तीस अंशांचा. पुन्हा केलं, बत्तीस. तिसऱ्यांदा केलं, बत्तीसला एक दशांश कमी. थर्मासाचं कमिशन परत मिळवलं तर पस्तीस. दुप्पट पातळ होतं, म्हणजे खऱ्या बॅचमध्ये सत्तर. छपरावरच्या काळ्या टाकीतलं पाणी एप्रिलच्या दुपारी एकोणचाळीस अंश असायचं. एकोणचाळीस आणि सत्तर, एकशे नऊ. आणि एकशे नऊपर्यंत पोचायच्या आतच ते द्रावण उकळून झाकणातून बाहेर पडलं असतं.

आकडा घेऊन ती रणजीतकडं गेली. त्यानं कागद उलटासुलटा करून पाहिला आणि एकच प्रश्न विचारला. तो प्रश्न चांगला होता, याचा तिला पुढचे चोवीस तास राग येत राहिला.

"मग पिंपात का होत नाही?"

शुक्रवारी ती स्टॉपवॉच घेऊन पिंपापाशी उभी राहिली. शीटवर लिहिलेलं होतं, कॉस्टिक घालण्यास लागलेला वेळ पंधरा मिनिटं. बाळाजीनं तिच्याकडं बघितलं, घड्याळाकडं बघितलं, टोपी नीट केली आणि आठ वर्षांत पहिल्यांदा शीटवर लिहिलंय तसं काम करायला घेतलं. कॉस्टिकचा मगामागून मग ओतला. मध्ये श्वास घ्यायलाही थांबला नाही. सातव्या मिनिटाला निम्मं कॉस्टिक आत गेलं आणि पिंपातून वाफ यायला लागली. मग पिंप गुरगुरलं. बाळाजी पुढचा मग भरायला वाकला.

पूनमनं त्याचं मनगट धरलं आणि त्याला मागं ओढलं. थर्मामीटर लांबूनच आत सोडला. अठ्ठ्याहत्तर. अजून निम्मं कॉस्टिक बाकी होतं.

बाळाजी पिंपाकडं असा बघत होता, जणू घरच्या म्हशीनं नाव घेऊन हाक मारली.

"ह्ये कधी असं बोललं न्हाई," तो म्हणाला.

"आज वेगळं काय केलंत, काका?"

"काय न्हाई. नेहमीसारखंच."

"काका."

बाळाजीनं इकडंतिकडं पाहिलं. मग हळूच सांगितलं. नेहमी तो दोन मग घालायचा आणि तंबाखू मळायला मागच्या लिंबाखाली जायचा. परत येऊन पिंपाला हात लावायचा. चटका बसला तर गोणपाट पाण्यात बुचकळून पिंपाला गुंडाळायचा आणि पुन्हा लिंबाखाली. हात टेकवता येईल इतकं निवलं की आणखी दोन मग. मध्ये जेवण, एक फोन, कधी थोडा डोळा लागायचा. सगळं उरकायला अडीच-पावणेतीन तास. शीटवर पंधरा मिनिटं, कारण भिंतीवर पंधरा मिनिटं.

पूनम खाली पायरीवर बसली. तीन दिवस ती जे यंत्र शोधत होती, ते लिंबाखाली तंबाखू मळत होतं. आठ वर्षं ही कंपनी कुठल्या सेफ्टी सिस्टीमवर उभी होती, तर बाळाजीच्या आळसावर. रोज तासन्‌तास तो काम टाळत होता आणि तेवढ्या वेळात उष्णता पत्र्यातून, गोणपाटातून, वाऱ्यावर निघून जात होती. उद्या मात्र फोमची टाकी, उष्णतेला वाट नाही, समोर साहेब, आणि साहेबांसमोर बाळाजी अतिशय प्रामाणिकपणे, न थांबता, काम करणार होता. प्रामाणिकपणानंच मेला असता.

"हे मालकांना सांगायला हवं," ती म्हणाली.

बाळाजीचा चेहरा उतरला. "ताई, पाया पडतो. पंधरा मिन्टाचं काम तीन तास करतो म्हणल्यावर मालक उद्याच घरी बसिवतील. आठ वर्सं फसिवलं म्हनतील. मी उद्या बेतानं घालतो की."

"टाकीला हात लावून कळणार नाही, काका. बाहेरून ती गारच लागेल. आत उकळी फुटली तरी गारच लागेल."

बाळाजीनं स्वतःचा तळहात उलटून पाहिला. आठ वर्षं तपमान त्याच्या तळहाताला कळत होतं, आणि उद्या तळहात खोटं बोलणार होता.

"मी नाही सांगणार," पूनम उठत म्हणाली. "तुम्ही सांगणार. आणि नाही सांगितलंत, तर उद्या त्या माळ्यावर तुमच्या शेजारी मी उभी राहणार. दोघं मिळून बघू काय होतं ते."

ती गंमत करत नव्हती, हे बाळाजीला दिसलं. मगाशी त्याच्या मनगटावर उठलेली तिच्या बोटांची खूण अजून तशीच होती.

संध्याकाळी तिनं घरी वही उघडली. नुसतं 'करू नका' म्हणून भागणार नव्हतं. रणजीतला ऑर्डर हवी होती, आणि त्यात त्याचं काही चूक नव्हतं. फोमच्या टाकीत उष्णता बाहेर जाणार नसेल, तर तिला आतच काहीतरी काम द्यायला हवं होतं. मोठ्या बॅचमध्ये एकशे ब्याऐंशी लिटर पाणी जाणार होतं. त्यातलं दीडशे किलो पाणी बर्फ म्हणून घातलं तर? बर्फ वितळायला उष्णता खातो, वितळून झाल्यावर तापायलाही खातो, आणि शेवटी पाणीच उरतं, म्हणजे फॉर्म्युला बदलत नाही. तिनं तीनदा हिशेब केला. शेवटचं तपमान सदुसष्ट. आईनं जेवायला हाक मारली तेव्हा तिनं सदुसष्ट असं उत्तर दिलं.

शनिवारी दहाला प्रीतम साहेब आले. पांढरा शर्ट, गळ्यात कार्ड, सोबत एक मुलगी फोटो काढायला. रणजीतनं त्यांना टाकी दाखवली, थापा मारल्या, गारव्याची गोष्ट सांगितली. बाळाजी शिडीच्या पहिल्या पायरीवर एक पाय ठेवून उभा होता. पूनम येऊन त्याच्या शेजारी उभी राहिली. गॉगल, मोजे, एप्रन. तिनंही एक पाय पायरीवर ठेवला.

रणजीतनं तिला खुणेनं बाजूला हो म्हटलं. ती झाली नाही. त्यानं जवळ येऊन दबक्या आवाजात विचारलं की हे काय चाललंय. तिनं बाळाजीकडं पाहिलं.

बाळाजीनं पाय खाली घेतला. टोपी काढली.

"मालक, पिंपाला पंधरा मिन्टं लागत न्हाईत," तो म्हणाला. "तीन तास लागत्यात. मी मधी जातो. तंबाखूला. कधी झोपतो बी. हात पोळला की थांबतो. आठ वर्सं असंच चाललंय."

प्रीतम साहेबांनी फोनमधून मान वर केली. फोटोवाल्या मुलीनं कॅमेरा खाली केला, कारण हे फोटोत घ्यायचं की नाही, याच्या सूचना तिला नव्हत्या.

"काल ताईंसमोर न थांबता घातलं, तर निम्म्यावरच गुरगुरायला लागलं," बाळाजी पुढं म्हणाला. आता सुरुवात झालीच होती, म्हणून त्याला थांबवत नव्हतं. "मालक, तुमी शर्यतीत गाडा पळवता. घाटात बारी सुटली, निशाण पार झालं, तरी बैल तिथं थांबतो व्हय? पुढं मोकळं रान ठिवायला लागतं त्याला, धाव जिरवायला. माज्या पिंपाला मोकळं रान व्हतं. ह्या टाकीला तुमी निशाणाला लागूनच भिंत बांधलीया, आन भिंतीपाशी मला हुबा केलाय."

रणजीतच्या गोठ्यात शर्यतीचे दोन बैल होते. चिखलीच्या घाटात एकदा पुढचं रान कमी पडलं होतं, तेव्हा गाडा सरळ पब्लिकच्या कठड्यात गेला होता आणि तो स्वतः त्यात होता. त्याचा डावा खांदा अजून नीट वर जात नसे. पूनमचा आकडा त्यानं दोन दिवस खिशात ठेवला होता. तो त्यानं आत्ता बाहेर काढला आणि पहिल्यांदाच नीट वाचला.

"एकशे नऊ," तो म्हणाला. "म्हणजे उकळणार."

"त्याच्या आधीच," पूनम म्हणाली.

"मग आता? साहेब आलेत."

तिनं वहीचं पान पुढं केलं. बर्फ, दीडशे किलो, कॉस्टिक दीड तासात हळूहळू, शेवटचं तपमान सदुसष्ट. रणजीतनं विचारलं, बर्फानं माल पातळ झाला तर? तिनं सांगितलं की बर्फाएवढं पाणी आधीच कमी केलंय. त्यानं दोनदा मान हलवली, बाळाजीला म्हणाला की तुझं मी नंतर बघतो, आणि गाडीची किल्ली घेऊन स्वतः आळंदी रस्त्याच्या बर्फाच्या कारखान्याकडं निघाला.

अकरा वाजता पन्नास-पन्नास किलोच्या तीन लाद्या आल्या, भाताच्या तुसात गुंडाळलेल्या. त्या धुऊन, पोत्यात घालून, लाकडी मोगरीनं फोडल्या. प्रीतम साहेबांना हा प्रकार ऑटो इंडस्ट्रीत नवा होता. त्यांनी विचारलं की ही स्टँडर्ड प्रॅक्टिस आहे का. पूनम म्हणाली, आजपासून आहे. शालनबाईंनी मधल्या वेळात त्या बर्फातला एक तुकडा मागून घेतला आणि साहेबांना लिंबू सरबत दिलं. साहेबांच्या तक्रारी त्यानंतर कमी झाल्या.

बाळाजी माळ्यावर चढला. या वेळी तोंडावर शिल्ड होतं, आणि बर्फ घातल्यावर मिटलेलं झाकण, आत बघायला उघडलंच तर त्याच्यापासून पलीकडं तोंड होईल, असं वळवलेलं होतं. पूनम खाली, वायरच्या थर्मामीटरचा डबा हातात, वायर टाकीत. कॉक पाव वळसा उघडला. आत बर्फ खळखळला. ती दर पाच मिनिटांनी आकडा मोठ्यानं सांगायची आणि बाळाजी तोच आकडा वरून पुन्हा म्हणायचा. नऊ. चौदा. एकवीस. बर्फ संपला तेव्हा चढ वेगानं व्हायला लागला आणि रणजीतची मूठ आवळली. अठ्ठेचाळीस. पूनमनं कॉक आणखी थोडा बंद करायला सांगितला. छप्पन्न. एकसष्ट. चौसष्ट. शेवटचं कॉस्टिक आत गेलं. पासष्ट. सहासष्ट.

मग आकडा थांबला. दहा मिनिटं सगळे त्याच्याकडं बघत होते. सहासष्ट. टाकीनं ना गुरगुर केली ना वाफ काढली. मोठ्या टाकीत पहिल्यांदाच बॅच झाली होती आणि ती एखाद्या सरकारी ऑफिससारखी शांत होती.

प्रीतम साहेबांनी सँपल घेतलं, हात मिळवले आणि गेले. रणजीत बाळाजीला म्हणाला की उद्यापासून मधले थांबे शीटवर लिहायचे, किती वाजता थांबलास, किती वेळ, सगळं, आणि लिंबाखाली नाही, माळ्यावरच. बाळाजीनं मान डोलावली, पण थांबे अधिकृत झाल्यावर त्यातली मजाच गेली, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं. बाकीची माणसं जेवायला गेली.

पूनम टाकीपाशीच होती. वही उघडी, पेन कानाला. तिचा हिशेब सदुसष्ट म्हणत होता आणि थर्मामीटर सहासष्ट. एक अंश कुठं गेला? पाचशे किलोच्या बॅचमध्ये एक अंश म्हणजे थोडा नव्हे. टाकीच्या पत्र्यानं खाल्ला असेल, फोडताना बर्फ कमी-जास्त पडला असेल, झाकणातून गेला असेल. पुढच्या वेळी पाणी तापलेलं असेल, बर्फ कमी असेल, तेव्हा हाच एक अंश नेमका उलट्या बाजूला निघाला तर वर उभ्या असलेल्या माणसाला महागात पडणार होता.

"काका," तिनं वर बघून विचारलं, "झाकण किती वेळ उघडं होतं?"

बाळाजी शिल्ड काढून घाम पुसत होता. सवयीनं त्याची नजर भिंतीकडं गेली, तिथून परत आली. त्यानं डोळे मिटून मनातल्या मनात मोजलं.

"अकरा मिन्टं," तो म्हणाला. "न्हाई, थांबा. बारा. एक मिनिट मी वाकून आत बघत व्हतो."

ते तिनं लिहून घेतलं.